सोयरिकीसाठी चीनच्या डोंगरात

लातूरचा माणूस चीनला जातो तो एक तर पोराला डॉक्टरकीच्या कॉलेजात पोचवायला, नाहीतर मोबाइलची कव्हरं घाऊक भावात आणायला. मी गेलो मुलीचं घर बघायला. विमानात शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "बिझनेस?" मी म्हटलं, "सोयरीक." त्यांनी वर्तमानपत्र उघडलं ते उतरेपर्यंत मिटलं नाही.

हकीकत अशी. माझा पुतण्या अमोल तिकडे राहून डॉक्टर झाला. त्याच्या कॉलेजात परदेशी पोरांच्या ऑफिसात मेइ नावाची मुलगी कामाला होती. एवढ्या वर्षांत तो तिच्याकडून चिनी शिकला आणि ती त्याच्याकडून मराठी, म्हणजे आमची लातुरी. अमोल परत आला, इथल्या परवान्याच्या परीक्षेसाठी ट्युशन लावून बसला आणि एक दिवस भाकरी मोडता मोडता आईला म्हणाला, "आई, मला मेइशी लग्न करायचंय."

आमच्या घरात या विषयावर मत देण्याचा अधिकार एकाच माणसाला आहे, तो म्हणजे माझ्या वहिनीला. किल्लारीच्या भूकंपात माझा थोरला भाऊ गेला तेव्हा अमोल अंगावर पीत होता. वहिनी तिशीच्याही आतली. माहेरच्या लोकांनी अर्धापूरला चल म्हणून खूप समजावलं. ती गेली नाही. पोराला तिनं वाढवलं, आम्ही बाकीचे फक्त आजूबाजूला होतो.

वहिनीनं सगळं ऐकून घेतलं आणि मला बोलावलं.

"पोरगी मी फोनवर बघितलीय भावजी. तिच्यात काय खोट न्हाई. तुम्ही घर बघून या. भिंती कशा हायत ते बघा. आन् दारात माणूस गेलं तर उठून पाणी देतात का, ते बघा. तुम्हाला बरं वाटलं तर माझं हाव."

"आन् न्हाई वाटलं तर?"

"मग ते अमोलला तुम्हीच सांगा."

अमोलची परीक्षा तोंडावर होती, त्याला येता येईना. तिकडे मेइच्या वडिलांनीही निरोप धाडला होता की मुलाच्या घरचं कुणी मोठं माणूस येऊन बसल्याशिवाय हा विषय माझ्यापुढे काढू नका. म्हणजे मी गेलो नाही तर लग्न नाही, आणि गेलो तर... इथे माझ्या बायकोनं तोंड घातलं.

"हे जाणार? उदगीरला जायचं तर निलंग्याच्या गाडीत बसतात हे. चीनला म्हणून कुठं उतरतील?"

मी लातुरात ट्युशनच्या भागात खानावळ चालवतो. दोन वेळचे डबे आणि नाष्टा. बायकोच्या हाती खानावळ सोपवली, गंजगोलाईत जाऊन आहेराचं सामान घेतलं आणि निघालो. ज्यांच्या दुकानातून आमच्या घरच्या सगळ्या कार्यांचं कापड येतं त्या युसूफचाचांनी टोपी-टॉवेल काढून दिले. मी थोडा पिवळट टॉवेल उचलला तर त्यांनी तो हातातून काढून घेतला. "नको नको. एकदम सफेद लेव. रिश्ते का मामला है."

बरं, आम्ही वरपक्ष. नुसता पासपोर्ट नाही, मी ताठ मानही घेऊन गेलो होतो.

उभी जमीन

सिचुआनच्या उत्तरेच्या डोंगरात हा मुलुख आहे. आपल्याकडचा एक तालुका समजा. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण मला ते येत नाही. मेइनं पुन्हापुन्हा म्हणून दाखवलं. मी प्रत्येक वेळी हुबेहूब तसंच म्हटलं, आणि प्रत्येक वेळी मी निराळ्याच गावाचं नाव घेतलं असं तिचं म्हणणं पडलं.

मेइ स्टेशनवर घ्यायला आली होती. ठेंगणी, चष्मा लावलेली, हजरजबाबी. वाकून पाया पडली आणि म्हणाली, "काका, लई वाळलाव की. विमानात जेवू घातलं न्हाई का?" चीनच्या स्टेशनवर कुणी आपल्याला 'वाळलाव' म्हणावं! माझी ताठ मान तिथेच थोडी सैल पडली.

पुढे बसनं नदीच्या काठाकाठानं वर. आम्ही काळ्या, सपाट रानातली माणसं. आमच्याकडे दृष्टी जाईल तिथवर तूर नाहीतर सोयाबीन. इथे जमीन उभी करून ठेवलेली. डोंगराच्या अंगावर पायऱ्या, पायरीवर पिकलेला गहू, बांधाला अक्रोडाची झाडं, मधूनच हिरव्या मिऱ्यांसारख्या घोसांची काटेरी झुडपं. आमच्याकडे माणूस शेतात पाय घसरून पडला तर आपल्या शेतात पडतो. इथे तो खालच्याच्या शेतात पडतो. बायका पाठीला बांबूची टोपली अडकवून गव्हाच्या पेंढ्या खाली आणत होत्या आणि तशाच उतरणीला जोरजोरात गप्पा मारत होत्या.

मेइचे वडील बसथांब्यावर उभे होते. लहानखुरे, केस बारीक कापलेले, हात रापलेले. त्यांचं नाव काही असो, मी मनातल्या मनात त्यांना व्याहीबुवा म्हणायला लागलो होतो. आणि इथे पहिली अडचण कळली. मला चिनी येत नाही, त्यांना मराठी येत नाही, आणि दोन्ही येणारा माणूस त्या तालुक्यात एकच होता, तो म्हणजे नवरी. आपल्या लग्नाची बोलणी दोन्ही बाजूंनी तिनंच करायची होती. मी काय बोललो आणि ती काय बोलली, हे मला आजही खात्रीनं सांगता येणार नाही.

व्याहीबुवांनी घरी नेण्याआधी मला नदीकाठी नेलं. समोरच्या कड्यात ओळीनं चौकोनी भोकं होती. पूर्वी या भोकांत लाकडं ठोकून त्यावर फळ्या टाकत आणि कड्याच्या अंगावरून लटकता रस्ता काढत. मीठ, चहा, सैन्य, सगळं त्या फळ्यांवरून जायचं. दोन हजार वर्षांपूर्वीचा रस्ता, ते म्हणाले.

गप्प बसावं की नाही? पण वरपक्षानं ऐकून कसं घ्यायचं? मी म्हणालो, "आमच्याकडे औशाचा किल्ला आहे."

त्यांनी कुठल्याशा राजाची लढाई सांगितली. मी खरोशाची लेणी काढली. त्यांनी सेनापती काढला. मी तेर काढलं, तिथला माल रोमला जात होता हे सांगितलं, आणि विजयी मुद्रेनं उभा राहिलो.

मेइ दोन्हीकडून बोलून दमली. "काका, बाबानं आता तीन राज्यांची लढाई काढलीय. ती लई लांब हाय. तुमच्याकडं अजून काय शिल्लक हाय का? न्हाईतर चहा पिऊ."

आम्ही चहा प्यालो.

आधी शेजारी

तिकडेही भूकंप झाला होता. जुनं गाव नदीपलीकडे आहे. तिथे आता गवत आणि शेळ्या. नवं गाव अलीकडे वसवलंय, सरळ रांगांत. एकसारखी घरं, एकसारखी दारं, एकाच रंगाची. मला बघून बरंच वाटलं. आमचंही पुनर्वसनाचं गाव तसंच आहे, आणि तिथे माझे सासरे एकदा भलत्याच घरी जाऊन हातपाय धुऊन जेवायला बसले होते, यावरून मी त्यांना अजून चिडवतो.

व्याहीबुवा पुढे गेले. मेइ कोपऱ्यावर चेरी घ्यायला थांबली आणि म्हणाली, "काका, सरळ जावा. उजव्या हाताला, लाल कागद लावलेलं दार."

त्या गावात प्रत्येक दाराला लाल कागद लावलेला आहे. नव्या वर्षाला लावतात म्हणे.

मी आपला गेलो. आत एक म्हातारा आणि म्हातारी होती. मला पाहून दोघंही उठले. म्हातारीनं पेल्यात पाणी दिलं. उठून दिलं! वहिनीची एक अट पुरी झाली. पाणी कढत होतं. आपल्याकडे असं पाणी आजाऱ्याला देतात, पण तिकडे सगळे तेच पितात. मी ते फुंकून प्यालो आणि दुसऱ्या अटीला हात घातला. भिंत ठोकली. खांब चाचपला. भिंतीचे कोपरे बघितले. आमच्या भागातल्या माणसाला परक्या घरात गेल्यावर छताकडे बघायची खोड असते, तसं मान वर करून बघितलं. म्हातारा माझ्यामागे फिरत होता. मी ठोकलं की तोही तिथेच ठोकायचा आणि चिंतेनं माझ्याकडे बघायचा.

भिंती उत्तम होत्या. मी समाधानानं मानाच्या जागी बसलो, पेढ्यांचा पुडा आणि अर्धापूरच्या केळीच्या वेफर्सची पिशवी त्यांच्या हाती ठेवली, हात जोडले. त्यांनीही हात जोडले. व्याहीबुवा आत कुठे कपडे बदलत असतील, असं धरून मी आरामात बसलो.

दारात मेइ आली. हातात चेरी.

"काका, हे शेजारी हायत. आमचं घर पलीकडं."

आता पेढे परत मागता येतात का? म्हाताऱ्यानं तर तोंडातही टाकला होता. मेइनं त्याला काहीतरी सांगितलं, तो गदागदा हसला, टोपी चढवली आणि आमच्याबरोबर निघाला. पेढ्यांचा मान घेतल्यावर तो पुढचा कार्यक्रम कशाला सोडतोय? त्याला मी आजोबा म्हणू लागलो आणि तो दिवसभर माझ्या शेजारून हलला नाही.

ठेच्याची बढाई

खऱ्या घरी भावकी जमली होती. काका, काकू, एक आत्या, आणि आता आजोबा. भिंती मी परत ठोकल्या. व्याहीबुवा खूश झाले. त्यांनी स्वतः मला घराच्या कोपऱ्यात नेलं आणि भिंतीत कुठे किती लोखंड घातलंय ते बोटांनी दाखवलं. मग मी त्यांना आमच्या घराचं दाखवलं, हवेत. भावकीतली माणसं सोयरिकीला जमून नवरीऐवजी गजांची चर्चा ऐकत बसली.

जेवायला बसताना आत्या म्हणाली (मेइकडून), तिखट चालतं का? मी हसलो. खानावळवाल्याला हा प्रश्न! म्हटलं, "त्यांना सांग, आमच्याकडे ठेचा म्हणजे कोशिंबीर."

"असंच सांगू?"

"असंच."

आत्यानं एक लाल तवंगाचा वाडगा माझ्यापुढे सरकवला. पहिला घास. तिखट होतं, पण आमच्या लायनीतलं. मी मिशीवर ताव दिला. दुसऱ्या घासाला ओठ गेले. तिसऱ्याला जीभ. जळत नव्हती, नुसती नव्हतीच. मी दातांनी ती शोधली. सापडेना. गालही जाड वाटायला लागले. आमच्या गल्लीत एका मास्तरला अर्धांगवायूचा झटका आला होता, तेव्हा त्यानंही आधी असंच ओठ चाचपले होते. मी मेइला खुणेनं बोलावलं आणि जड तोंडानं म्हणालो, "अमोलला फोन लाव. मला झटका आला."

मेइ घाबरली. मग तिनं माझा वाडगा बघितला आणि टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली. ती वाटेत दिसलेली काटेरी झुडपं, ते हिरवे घोस, त्याच मसाल्याचा हा प्रताप. तिकडे जीभ बधिर होणं हाच त्या जेवणाचा मान. सगळ्यांना कळलं. आजोबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि काहीतरी म्हणाले.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, कोशिंबीर कशी हाय?"

मग मला आंबवलेल्या भाजीच्या पाण्यातल्या शेवया दिल्या. आंबट, गार, आपल्या आंबिलीच्या जवळच्या. त्यावर मी पुन्हा माणसात आलो. खरं सांगतो, लातुरात हे विकलं तर उन्हाळ्यात रांग लागेल.

टोपी आणि टॉवेल

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. व्याहीबुवाही हसले होते. मला वाटलं, हाच मोका. आपल्याकडे माणसाचा मान करायचा तो टोपी-टॉवेलानं. लग्नात, बारशाला, निवडून आल्यावर, रिटायर झाल्यावर. मी उठलो, सगळ्यांना नमस्कार केला, व्याहीबुवांना स्टुलावर बसवलं. बॅगेतून आहेर काढला. पांढरीशुभ्र टोपी त्यांच्या डोक्यावर नीट बसवली. पांढराशुभ्र टॉवेल खांद्यावर टाकला. हातात नारळ दिला. दोन पावलं मागे होऊन टाळ्यांची वाट बघितली.

कुणी टाळी वाजवली नाही. आत्यानं तोंडावर हात घेतला. मेइच्या काकाच्या हातातल्या चॉपस्टिक टेबलावर पडल्या. आजोबांनी दुसरीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, टोपी आखूड झाली काय? म्हणून मी पुढे होऊन ती जरा ओढून घट्ट बसवली.

"काका," मेइचा चेहरा उतरला होता, "काढा. काढा ते."

"का गं?"

"आमच्यात पांढरं कापड डोक्याला बांधतात ते घरातलं कुणी मेलं तर."

होणाऱ्या व्याह्याला मी त्याच्याच घरात, भावकीच्या देखत, लोकांना जेवू घालत असताना सुतकात बसवलं होतं. वरून नारळ. मी हात पुढे केला, तर व्याहीबुवांनी हातानंच थांबवलं. त्यांनी टोपी काढली नाही. टॉवेलाचं टोक बोटांत धरून बघत राहिले. मग मेइला काहीतरी विचारलं.

"बाबा विचारतायत, तुमच्याकडं हे कवा देतात?"

लग्नात देतात, एवढंच सांगितलं असतं तर सुटलो असतो. पण घाबरलेला माणूस खरं बोलतो.

"लग्नात देतात. सत्काराला देतात." मी थांबलो. "आन् मयतीतही देतात. तेराव्याला सोयरे येतात आणि घरातल्या माणसाला टोपी घालतात. म्हणजे, आता दुःख पुरे, उठ, कामाला लाग, असं."

मेइनं माझ्याकडे बघितलं. सांगू का, असं ते बघणं होतं. मी मान हलवली. तिनं सांगितलं. व्याहीबुवांनी आणखी विचारलं.

"तुमच्या भूकंपात पण दिलं होतं का?"

"दिलं." मला ते इथे बोलायचं नव्हतं, पण आता मधे थांबता येईना. "लांबलांबचे सोयरे गठ्ठे घेऊन आले टोप्यांचे. कुणाकुणाच्या घरी टोपी घालायला माणूस उरला नव्हता. माझ्या भावाच्या घरी अमोल होता, दूधपिता. त्याच्या डोक्यावर ठेवली ती नाकापर्यंत आली. वहिनीनं ती एका हातानं वर धरली होती."

हे सांगायला मेइला वेळ लागला. मधे ती एकदा थांबली. व्याहीबुवा बोलले ते इतकंसं.

"बाबा म्हणतायत, भूकंपात माझे आजी-आजोबा गेले तवा गावात कापडच मिळालं नव्हतं. सगळ्यांना एकदम मातीत ठेवलं. डोक्याला बांधायचं राहून गेलं."

त्यांनी उरलेलं जेवण ती टोपी घालूनच केलं. आत्यानं डोळे पुसले आणि त्यांच्या वाडग्यात वाढलं. आजोबांनी नारळ कानाशी नेऊन हलवून बघितला आणि हे कसं खायचं म्हणून मला खुणेनं विचारलं, तेव्हा कुठे घरात पुन्हा आवाज झाला. जेवण झाल्यावर व्याहीबुवा उठले. भिंतीवर त्यांच्या आई-वडिलांचा फोटो होता. त्याखालच्या फळीवर टोपी-टॉवेल घडी करून ठेवले. हात धुऊन आले आणि माझ्याजवळ बसले.

"बाबा म्हणतायत, तुमचा माणूस आवडला."

"कोणता माणूस?"

"तुम्ही, काका. पण माझं लग्न आईच्या हातात हाय. ती हाव म्हणली तरच."

बघा! दोन्ही घरची हीच तऱ्हा. मी म्हटलं, "मग बोलाव की आईला. इतका वेळ दिसल्या नाहीत त्या."

"आई इथं राहत न्हाई. वर्षाच्या वर झालं, तालुक्याला खोली करून राहिलीय. धाकटीची परीक्षा हाय."

मला हसावं की काय कळेना. एवढा समुद्र ओलांडून मी ट्युशन एरियातच आलो होतो.

आयांची गल्ली

दुसऱ्या दिवशी परीक्षेचा शेवटचा दिवस. तालुक्याच्या गावात आम्ही उतरलो आणि माझा जीव एकदम रमला. तिकडे बारावीनंतर एकच मोठी परीक्षा असते, त्यावर पोरांचं सगळं ठरतं. शाळेच्या भिंतीवर आधीच्या वर्षीच्या हुशार पोरांचे फोटो, लाल पाटीवर. आमच्याकडे ते फ्लेक्सवर असतात आणि त्यात कोपऱ्यात सरांचा फोटो सगळ्यांत मोठा. शाळेला लागून बोळ. बोळात एकेका खोलीत एकेक आई. खिडकीत वाळत घातलेला एकच गणवेश, दारात एकच शेगडी, शेगडीवर कोंबडीच्या रश्श्याचं एकच पातेलं. फक्त लिपी वेगळी, नाहीतर मी डब्यांचा हिशेब मागायला सुरुवातच केली असती.

त्या दिवशी मात्र गावात आवाज नव्हता. गाड्या थांबलेल्या. बांधकाम बंद. पोरं आत इंग्रजी ऐकून उत्तरं लिहीत होती, त्याचा पेपर. फाटकाबाहेर आया लाल कपडे घालून उभ्या, यश यावं म्हणून. कुणी खोकतही नव्हतं. मी पण भक्तिभावानं उभा राहिलो.

आणि माझ्या खिशात देवीची आरती सुरू झाली.

झांजा, संबळ, सगळं. माहूरच्या यात्रेत रेकॉर्ड केलेली. माझ्या फोनला चीनमध्ये रेंज नव्हती, पण दुपारचे डबे निघायच्या वेळेचा गजर मी लावून ठेवला होता तो लातूरच्या वेळेनं इमानदारीत वाजला. सगळ्या आया वळल्या. मी फोन काढला, बटणं दाबली, आवाज वाढला. फोन हातातून सुटला. एक बाई पुढे आली. काळेभोर केस घट्ट बांधलेले, मेइसारखीच ठेंगणी. तिनं फोन उचलला, शेजारच्या कठड्यावर ठेवला आणि सरळ त्यावर बसली.

आरती पूर्ण होईपर्यंत ती त्यावर बसून होती. मला ज्या नजरेनं बघत होती ती नजर मी ओळखतो. अमोलच्या ट्युशनसाठी वहिनी लातुरात खोली करून राहायची तेव्हा शेजारी कुणी मिक्सर लावला की अशीच बघायची.

मेइ माझ्या कानाशी आली. अगदी हळू म्हणाली, "काका, ही आई."

पेपर सुटला, पोरं बाहेर आली, गावाला वाचा फुटली. धाकटी पेपर बरा गेल्याचं सांगून मैत्रिणींबरोबर पळाली. विहीणबाईंनी फोन माझ्या हातात ठेवला आणि खोलीवर नेलं. उठून पाणी देण्याचा प्रश्नच नव्हता, कारण बसायला त्यांनाही जागा नव्हती. एक खाट, एक टेबल, एक शेगडी. मी खाटेच्या कडेला, मेइ मधे, विहीणबाई शेगडीपाशी. हातात काम चालूच. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं.

"आई विचारते, अमोलची आई पण खोली करून राहिली होती, खरं का?"

"खरं. माझ्या खानावळीच्या मागच्या गल्लीत. दोन वर्षं. डबा लाव म्हटलं तर लावला नाही. म्हणाली, पोराला माझ्या हातची भाकरी पाहिजे."

"आन् मग तो इकडं आला."

"हाव."

"मग ती कुणाजवळ राहिली?"

इथे काहीतरी छान सांगायला हवं होतं. एवढं कुटुंब आहे, पुतण्या-भाच्या आहेत, घर भरलेलं असतं. पण कालचा टोपीचा प्रसंग अंगात होता. मी म्हटलं, "एकटी. गावाकडे परत गेली. अमोलला सोडताना स्टेशनवर रडली नाही. पण कितीतरी दिवस सवयीनं दोघांच्या भाकऱ्या करत होती. माझी बायको जायची तिच्याकडे, तिला सोबत म्हणून जेवायला."

मेइनं सांगितलं. विहीणबाईंचा हात थांबला. त्यांनी खिडकीतल्या गणवेशाकडे बघितलं आणि काही म्हणाल्या.

"आई म्हणते, उद्यापासून माझंपण तेच." मेइचा आवाज जरा बदलला. "आई विचारते, त्या बाईला सून पाहिजे का सोबत?"

"दोन्ही. पण ती तोंडानं कधी मागणार नाही. आणि ही वर्षातून एकदा माहेरी आली नाही तर तीच हिला गाडीत बसवून देईल. एवढं मी सांगतो."

हे मी वहिनीला विचारलं नव्हतं. पण वहिनीला मी ओळखतो.

मग विहीणबाई बोलायला लागल्या. बसून नाही, उभ्यानं, एका हातात पळी. खूप वेळ बोलल्या. मधे आवाज चढला, मधे खाली आला, एकदा त्या रागावल्यासारख्या वाटल्या, एकदा हसल्या, एकदा त्यांनी माझ्या फोनकडे पळी दाखवली. मेइ खाली बघत ऐकत होती. तिनं चष्मा काढला, पुसला, लावला, परत काढला. मी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होतो. आमचं लग्न जुळतंय की मोडतंय, देवालाच माहीत. शेवटी त्या थांबल्या आणि शेगडीकडे वळल्या.

"काय म्हणाल्या?"

"हाव म्हणाली," मेइ म्हणाली.

"अगं, एवढ्या बोलल्या त्या! आन् नुसतं हाव?"

"बाकीचं माझ्यासाठी होतं, काका."

मी पुढे काही विचारलं नाही. आयुष्यात थोड्या वेळा गप्प बसलोय, त्यातली ती एक वेळ. विहीणबाईंनी घेवड्याच्या शेंगांचं टोपलं माझ्यापुढे सरकवलं आणि हातानं सोलायची खूण केली. संध्याकाळी धाकटीच्या मैत्रिणी जेवायला येणार होत्या. मी, मुलाकडचा मानाचा पाहुणा, मांडी घालून शेंगा सोलायला बसलो. दोन शेंगा झाल्यावर विहीणबाईंनी माझ्या हातातली शेंग काढून घेतली, शीर कुठून ओढायची ते दाखवलं आणि परत दिली.